चाहत्यांची झडती

श्रावणी अमावास्येचा दिवस कलूं लागला म्हणजे विदर्भांतील गांवोगांवीं आंब्याच्या पानांचें तोरण बांधलें जातें. शिंगें रंगविलेल्या, पाठीवर झुली घातलेल्या बैलजोड्या त्या तोरणाखालीं ओळीनें उभ्या राहतात, आणि गर्दींतून एकाएकीं कोणाचा तरी खणखणीत आवाज उठतो. यमकांत बांधलेल्या चार ओळी तो मोठ्यानें म्हणतो. त्यांत कधीं सावकार असतो, कधीं पुढारी, कधीं कापसाचा पडलेला भाव, तर कधीं समोरच्या रांगेंतील एखादा मिशीवाला. ओळी संपतांच महादेवाचा जयघोष होतो आणि दुसऱ्या बाजूनें तितक्याच जोराचें उत्तर येतें. यासच झडती म्हणतात. जिची टर उडविली ती मंडळीही त्या जयघोषांत सामील होतात, हें या प्रथेचें मर्म होय.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यांतील बोरी अरब हें गांव याच मुलखांतलें. काळ्या जमिनीचें, कपाशीचें आणि पोळ्याचें. अशा गांवांतील एका तरुणाची श्रोत्यांनीं कल्पना करावी. दिवसभर तो शेतांत किंवा दुकानांत राबतो. रात्रीं घर निजलें कीं उशीखालचा मोबाइल काढतो आणि दीड वाजतां सहस्रावधि मैलांवरील एखाद्या युरोपीय मैदानावर मनानें जाऊन बसतो. इंग्लंडांत त्या वेळीं रात्रीचे आठ वाजलेले असतात. थंडीच्या दिवसांतील हा हिशेब त्यास तोंडपाठ आहे. ज्या शहरांत त्यानें कधीं पाऊल ठेवलें नाहीं, ज्या शहराच्या नांवाचा उच्चारही त्याच्या आजीस करवत नाहीं, त्या शहराचा संघ हरला तर त्यास सकाळची भाकर गोड लागत नाहीं. आणि त्याचा जिवलग मित्र नेमका विरुद्ध संघाचा भक्त असला, तर सूर्य उगवण्यापूर्वींच त्याच्या मोबाइलवर एक चित्र येऊन पडलेलें असतें आणि त्या चित्राखालीं दोन ओळींचा जहरी विनोद!

फुटबॉलच्या चाहत्यांची टवाळी करणारे हे मजकूर, ज्यांना आजच्या बोलींत पोस्ट म्हणतात, ते कोट्यवधि लोक वाचतात आणि लाखों लोक रचतात. त्यांना पोरखेळ म्हणून सोडून देणें सोपें आहे. परंतु ही कला कोठून आली, ती कशावर जगते आणि तिची धार कोठें विषारी होते, याचा विचार करणें अगत्याचें आहे. कारण या खेळांत हंसणारा आणि ज्यास हंसावयाचें तो, असे दोघेही बहुधा एकाच गल्लींत राहतात.

विडंबन ही मराठी माणसास परकी वस्तु नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची मानली जाते. या मारबतींच्या मागून बडगे निघतात. कागद, बांबू आणि चिंध्या यांचे हे पुतळे. त्यांच्या गळ्यांत चालू काळांतील दुर्गुणांवर, दरवाढीवर आणि राज्यकर्त्यांवर बोचक्या ओळींचे फलक अडकविलेले असतात. चित्र, त्याखालीं मोजके शब्द, आणि पाहणाऱ्यानें क्षणांत ओळखून हंसावें अशी योजना! आजच्या पोस्टची सारी घडण या बडग्यांत अगोदरच सिद्ध झालेली आहे. फरक इतकाच कीं, बडग्याचें सायंकाळपर्यंत दहन होतें. पोस्टचें दहन कधींच होत नाहीं.

साहित्यांत हाच मार्ग आचार्य अत्रे यांनीं ‘केशवकुमार’ या नांवानें चोखाळला. ‘झेंडूचीं फुलें’ या त्यांच्या संग्रहानें रविकिरण मंडळाच्या काळांतील कवींच्या लकबी अशा कांहीं पकडल्या कीं, मूळ कविता वाचतांनाही वाचकास विडंबनाची आठवण यावी. परंतु हें त्यांना साधलें, याचें कारण ते स्वतः उत्तम कविता लिहूं शकत होते. ज्यास वृत्त कळत नाहीं त्यास वृत्ताची चेष्टा करतां येत नाहीं. विडंबनाचा हा पहिला नियम होय: ज्याचें विडंबन करावयाचें तें अंतर्बाह्य ठाऊक हवें, आणि मनाच्या एका कोपऱ्यांत त्यावर प्रेमही हवें. फुटबॉलच्या चाहत्याचें सर्वांत बिनचूक विडंबन फुटबॉलचा चाहताच करतो. खेळाचा तिटकारा असलेल्या माणसाच्या टीकेंत उपदेश पुष्कळ असतो, पण विनोद क्वचितच असतो.

आतां या विडंबनाचें साहित्य पाहावें. चाहता हा प्राणी विनोदकारास ईश्वरानें जणूं तयार करूनच दिलेला आहे. संघ जिंकला तर तो म्हणतो, “आम्ही जिंकलों”, हरला तर म्हणतो, “ते हरले.” ही केवळ थट्टा नव्हे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७६ सालीं विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा; परंतु चाहत्याचें मन तेंच. आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकल्यावर विद्यार्थी त्याचीं चिन्हें असलेले कपडे अधिक घालीत आणि सामन्याविषयीं बोलतांना ‘आम्ही’ हा शब्द अधिक वापरीत. पराभवानंतर तो ‘आम्ही’ हळूच नाहींसा होई. दुसऱ्याच्या पराक्रमाच्या उन्हांत आपले ओले कपडे वाळविण्याची ही मनुष्याची जुनी संवय आहे.

दुसरा विषय आशेचा. लिव्हरपूल संघानें १९९० सालीं इंग्लंडचें विजेतेपद मिळविलें. त्यानंतरचें मिळण्यास २०२० साल उजाडावें लागलें. मधल्या तीस वर्षांत त्याच्या चाहत्यांच्या “पुढल्या वर्षीं नक्की” या वाक्यावर जगभर हजारों विनोद झाले. कोरडवाहू शेतकऱ्यास या वाक्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं. तिसरा विषय पंचाचा. आपला खेळाडू पडला तर तो ढकलला गेला, आणि समोरचा पडला तर तें सोंग! चवथा विषय नव्या भक्ताचा. विश्वचषकाच्या महिन्यांत याचा जन्म होतो आणि अंतिम सामन्यानंतर तो पुन्हां समाधिस्थ होतो.

या सामग्रीस चांगला विनोदकार परक्या भाषेंतून आणलेला सांचा लावीत नाहीं. घरचा सांचा वापरतो. बोरी अरबच्या त्या कल्पित तरुणानें मित्राच्या संघाच्या पराभवानंतर आकाशवाणीवरील हवामानाचा अंदाज उचलावा आणि लिहावें: “लाल सदरेवाल्यांच्या डोळ्यांत आज पहांटेपर्यंत मध्यम ते मुसळधार सरींची शक्यता. चाहत्यांनीं पेरणीची घाई करूं नये. विजेतेपदाचें बियाणें पुढील हंगामासाठीं कोरड्या जागीं जपून ठेवावें.” किंवा बाजारभावाचा तक्ता घ्यावा: “पंचास शिव्या: आवक प्रचंड, भाव पडलेले. प्रशिक्षकास सल्ले: गोदामें भरलीं. आत्मपरीक्षण: आवक नाहीं.” किंवा विवाहविषयक जाहिरात: “मुलगा निर्व्यसनी, घरची शेती. रात्रीं दीड वाजतां उठून ओरडण्याची संवय आहे. परंतु ती मे महिन्यांत आपोआप थांबते.” यांत कोणाच्याही नांवास धक्का लागत नाहीं. गांवास ठाऊक असलेल्या बोलीचा गंभीर सूर आणि क्षुल्लक विषय यांची जी विजोड जोडी जुळते, तिच्यांतच सारें हास्य आहे. जो मित्र हरलेला आहे तोही तें वाचून आपल्या बायकोस दाखवितो, आणि येथेंच ती पोस्ट यशस्वी होते.

महाराष्ट्रांत फुटबॉलचें हें वेड पाहावयाचें असेल तर कोल्हापुरास जावें. येथील फुटबॉल कोणा परदेशी संघाच्या छायेंत वाढलेला नाहीं. तो कुस्तीच्या तालमींच्या अंगणांत वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ हीं नांवेंच पाहावींत! लाल मातीचा वास त्यांना अजून आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या स्पर्धा राजर्षि शाहू स्टेडियमवर भरतात आणि पेठापेठांचा अभिमान हजारोंच्या संख्येनें पायऱ्यांवर येऊन बसतो. २०१७ सालीं भारतांत सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हां भारतीय संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. विश्वचषकाच्या दिवसांत याच शहराच्या गल्ल्यांतून अर्जेंटिनाचे, ब्राझीलचे आणि पोर्तुगालचे ध्वज लागतात. मेस्सी, नेमार व रोनाल्डो यांचे भव्य फलक उभे राहतात. एका गल्लीनें फलक लावला कीं पलीकडच्या गल्लीचा फलक हातभर उंच असलाच पाहिजे. त्या फलकावरील मजकूर समोरच्या गल्लीस उद्देशून असतो, हें सांगावयास नकोच. कापडावरची ही झडती आतां मोबाइलवर गेली आहे.

या चढाओढीचें सर्वांत मौजेचें उदाहरण २०२२ सालीं केरळांत घडलें. कतारमधील विश्वचषकाच्या तोंडावर कोळिकोड जिल्ह्यांतील पुल्लावूर या गांवीं अर्जेंटिनाच्या चाहत्यांनीं नदीच्या पात्रांत मेस्सीची सुमारें तीस फूट उंचीची प्रतिमा उभी केली. ब्राझीलच्या चाहत्यांनीं तिच्याजवळ नेमारची त्याहून उंच प्रतिमा रोवली. मग पोर्तुगालवाले कसे मागें राहतील? त्यांचा रोनाल्डो त्या दोघांच्याही डोक्यावरून पाहूं लागला. जागतिक फुटबॉल संघटनेनें, म्हणजे फिफानें, या प्रतिमांचें छायाचित्र जगास दाखविलें. तेथें विडंबनकारास कांहीं करावयाचें उरलेंच नव्हतें. वस्तुस्थितीनेंच विडंबनाचें काम केलें होतें. आणि तरीही त्या नदीकांठीं तिन्ही पक्षांचे लोक एकत्र गर्दी करून उभे होते.

कलकत्त्यांत हीच स्पर्धा स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचली. मोहन बागान हा संघ १८८९ चा. ईस्ट बेंगॉल १९२० चा. पहिल्याचें चिन्ह कोळंबी आणि दुसऱ्याचें हिलसा मासा. ज्याचा संघ जिंकेल त्याच्या घरीं तो मासा शिजावयाचा आणि हरलेल्या शेजाऱ्याच्या खिडकीखालून तो मुद्दाम मिरवीत न्यावयाचा, असा हा विनोद आहे. एका पाटींत मासळी आणि दुसऱ्या पाटींत स्थलांतरितांचा इतिहास! पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची अस्मिता एका संघाशीं बांधली गेली होती. म्हणून तेथील थट्टा कधींच केवळ खेळाची थट्टा नव्हती, आणि म्हणूनच ती कधीं पेट घेईल याचा नेम नसे. १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डन्स मैदानावर या दोन संघांच्या सामन्यांत प्रेक्षकांत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरींत सोळा जणांचे प्राण गेले. ते सारे घरून सामना पाहावयास म्हणून निघाले होते.

येथें या विषयाची गंभीर बाजू सुरू होते. विडंबन दोन तोंडांचें शस्त्र आहे. इंग्लंडांत १९८५ सालीं फुटबॉलच्या चाहत्यांची अप्रतिष्ठा कळसास पोहोंचली होती. त्या वर्षीं मे महिन्यांत ब्रॅडफर्डच्या मैदानावरील आगींत ५६ जण दगावले आणि ब्रसेल्समधील हेझेल मैदानावर ३९ जण मरण पावले. दोन घटनांचीं कारणें अगदीं भिन्न होतीं. परंतु सरसकट प्रत्येक चाहता दंगेखोर ठरूं लागला. त्या काळांत चाहत्यांनीं स्वतःच लहानलहान नियतकालिकें काढलीं. १९८६ सालीं सुरू झालेलें ‘व्हेन सॅटर्डे कम्स’ हें त्यांतलें सर्वांत नांवाजलेलें. त्यांत संघाच्या मालकांची, वृत्तपत्रांची आणि सर्वांत अधिक स्वतःची चेष्टा असे. जो स्वतःस हंसूं शकतो तो पशु नव्हे, हें त्या हास्यानें कोणत्याही निवेदनाहून अधिक स्पष्टपणें जगास सांगितलें. हें विडंबनाचें एक तोंड.

दुसरें तोंड २०२३ सालीं दिसलें. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेंत लिव्हरपूलचे ९७ चाहते मृत्युमुखीं पडले होते. वेम्ब्लीवरील अंतिम सामन्यास एक मनुष्य त्या मृतांच्या आंकड्याची कुचेष्टा करणारा सदरा घालून आला. न्यायालयानें त्यास एक हजार पौंड दंड केला आणि चार वर्षें फुटबॉलच्या मैदानांवर बंदी घातली. त्या सदऱ्यावरही शब्द मोजकेच होते. विरुद्ध पक्षास डिवचण्याचा हेतुही तोच होता. बडग्याच्या फलकाची आणि त्याची घडण एकच म्हणावी लागेल. परंतु एकानें सत्तेस, लोभास आणि ढोंगास डिवचलें. दुसऱ्यानें एखाद्या आईच्या शोकास डिवचलें. तंत्र एक असूनही धर्म निराळा, तो असा.

चेष्टेचा रोख खेळावरून माणसाच्या जन्मावर गेला म्हणजे काय होतें, तेंही जगानें पाहिलें आहे. ११ जुलै २०२१ रोजीं युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत इटलीनें इंग्लंडास पराभूत केलें. पेनल्टी हुकलेले तिघे इंग्रज खेळाडू कृष्णवर्णी होते. त्यांच्या समाजमाध्यमांवर वर्णद्वेषी शिव्यांचा आणि चित्रांचा वर्षाव झाला. त्यांतील पुष्कळांनीं आपण विनोदच करीत आहों अशी समजूत करून घेतली असेल. विनोद हें पळवाटेचें नांव नव्हे. ज्या दोषावर माणसाचा कांहीं इलाज चालत नाहीं, किंवा जो दोषच नव्हे, त्यावर हंसणें हें विडंबनाच्या मर्यादेंत बसत नाहीं.

आणखी एक धोका आहे. तो म्हणजे थट्टा खरी वाटण्याचा. मे २०१५ मध्यें फिफाच्या अधिकाऱ्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप ठेवून झ्यूरिकमध्यें अटकसत्र झालें. ‘द ऑनियन’ या अमेरिकन विनोदी पत्रानें लगोलग एक बनावट बातमी छापली कीं, घाबरलेल्या फिफानें २०१५ च्या उन्हाळ्यांतच अमेरिकेंत विश्वचषक जाहीर केला आहे. फिफाचे माजी उपाध्यक्ष जॅक वॉर्नर यांच्यावरही आरोप होते. त्यांनीं ती बातमी खरी समजून आपल्या बचावाच्या भाषणांत तीच पुराव्यादाखल सांगितली! आयुष्य फुटबॉलच्या कारभारांत घालविलेला मनुष्य जेथें फसला, तेथें रात्रीं दोन वाजतां अर्धवट झोपेंत मोबाइल पाहणारा कसा टिकणार? नागपुरांत बडग्याच्या गळ्यांतील फलक पाहणाऱ्यास हा बडगा आहे हें दिसत असतें. पोस्ट एकाकडून दुसऱ्याकडे जातांना तिचा बडगा गळून पडतो आणि फलक तेवढा उरतो. म्हणून विडंबनांत सोंगाची खूण ठळक असावी. सामन्याचा खोटा निकाल, खेळाडूच्या मृत्यूची खोटी वार्ता किंवा खऱ्या माणसाच्या तोंडीं घातलेलें खोटें वाक्य यांत हुशारी थोडी आणि हानि फार.

यावर कोणी म्हणेल कीं, मग सरकारनेंच बंदोबस्त करावा. त्याचाही अनुभव महाराष्ट्रानें घेतला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें समाजमाध्यमावरील एका साध्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. मजकूर खेळाचा नव्हता, थट्टेचाही नव्हता. बंदविषयींचा एक प्रश्न होता. त्या प्रकरणांतून देशभर वाद उठला आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६ अ हें कलम घटनाबाह्य ठरविलें. चिथावणी, धमकी आणि बदनामी यांस आवरणारे कायदे आजही आहेत आणि ते असावेतही. परंतु सुरुचि कायद्यानें उत्पन्न होत नाहीं. झडतींत कोठें थांबावें हें पोळ्यांत उभ्या असलेल्या माणसास पोलीस सांगत नाहीं. समोर उभ्या असलेल्या शेजाऱ्याचा चेहरा सांगतो.

आणि नेमका हा चेहराच मोबाइलवर दिसत नाहीं. बोरी अरबच्या त्या कल्पित तरुणाकडे यासाठींच पुन्हां वळावें. मित्राचा संघ अंतिम सामन्यांत हरलेला आहे. पहांटेचे साडेतीन वाजले आहेत आणि याच्या डोक्यांत एक नामी कल्पना आलेली आहे. श्रद्धांजलीचा तयार नमुना मोबाइलवर आहेच: काळी चौकट, दोन बाजूंस समया, मध्यें छायाचित्र, छायाचित्रास हार. त्यांत मित्राचें हंसरें छायाचित्र बसवावयाचें आणि खालीं लिहावयाचें कीं, आमचे परममित्र विजयाची वाट पाहतां पाहतां निवर्तले. असे नमुने मराठी समाजमाध्यमांत पुष्कळ फिरतात. पुण्यामुंबईच्या एखाद्या गटांत यावर पन्नास जण हंसतील आणि गोष्ट तेथेंच संपेल.

परंतु हा यवतमाळ जिल्हा आहे. कर्ज आणि नापिकी यांमुळें झालेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं या जिल्ह्याचें नांव देशभर गेलेलें आहे. येथें हार घातलेलें तरुण माणसाचें छायाचित्र ही केवळ विनोदाची चौकट नव्हे. येथील कितीएक घरांच्या भिंतीवर तें खरोखरच टांगलेलें आहे. त्या मित्राच्या चुलत्याचें छायाचित्र तसें टांगलेलें असेल, तर पहांटे उठून मोबाइल पाहणाऱ्या त्याच्या आईच्या छातींत क्षणभर काय होईल? ज्यानें ती पोस्ट रचली त्याच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें; तो फक्त घाईंत होता आणि त्याच्यासमोर चेहरा नव्हता. नमुना जगभर एकच असतो; जखम मात्र प्रत्येक गांवची निराळी असते. विडंबनकारास खेळाचे नियम ठाऊक असून भागत नाहीं. त्यास आपल्या गांवच्या भिंती ठाऊक असाव्या लागतात.

अशा वेळीं हात आवरणें म्हणजे विनोदास मुकणें नव्हे. चौकट बदलावी, इतकेंच. श्रद्धांजलीच्या जागीं हवामानाचा अंदाज आला कीं तोच डिवचण्याचा आनंद मिळतो आणि कोणाच्या घरचा दिवा थरथरत नाहीं. किंबहुना याहून उत्तम उपाय म्हणजे चेष्टेचा आरंभ स्वतःपासून करावा. ८ जुलै २०१४ रोजीं बेलो ओरिझोंत येथें विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत जर्मनीनें यजमान ब्राझीलचा सात विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. त्या रात्रीं त्या देशांत लोक रस्त्यावर रडले. परंतु पुढें त्याच ब्राझीलच्या लोकांनीं ‘जर्मनीचा गोल’ हा आपल्या बोलींतील वाक्प्रचार करून टाकला. घरांत कांहीं बिघडलें, नोकरींत कांहीं फसलें, राजकारणांत एखादी नवी आपत्ति आली कीं म्हणावयाचें, हा पाहा, आणखी एक जर्मनीचा गोल! ज्या पराभवाची जगानें चेष्टा केली, ती चेष्टा त्यांनीं जगाच्या हातांतून काढून घेतली आणि घरांतल्या वापरास लावली. स्वतःवर हंसणाऱ्यास दुसरा कोणी फार काळ हंसूं शकत नाहीं.

चाहत्यांच्या या वेडांत शेवटीं काय उरतें, याचें उत्तर कलकत्त्यानेंच दिलें आहे. ज्या शहरांत १९८० सालीं सोळा प्रेतें उचलावीं लागलीं, त्याच शहरांत १८ ऑगस्ट २०२४ रोजीं मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल यांचा ड्युरंड चषकाचा सामना व्हावयाचा होता. एका शासकीय रुग्णालयांत तरुण डॉक्टर स्त्रीची बलात्कार करून हत्या झाल्यामुळें शहर खवळलेलें होतें. बंदोबस्ताच्या कारणास्तव सामना रद्द झाला. तेव्हां दोन्ही संघांचे चाहते, आणि त्यांच्यासह मोहमेडन स्पोर्टिंगचेही, आपापले ध्वज घेऊन स्टेडियमबाहेर एकत्र आले आणि न्यायाची मागणी त्यांनीं एका आवाजांत केली. वर्षानुवर्षें एकमेकांची टर उडवितां उडवितां ते एकमेकांस ओळखूं लागले होते. शत्रूची इतकी बारकाईनें कोणी चेष्टा करीत नाहीं. ती आपल्याच माणसाची केली जाते.

पोळ्याच्या सायंकाळीं तोरण तुटतें, झडत्या थांबतात, आणि ज्या बैलांच्या धन्यानें घटकेपूर्वीं समोरच्याची फजिती केली तोच आपली जोडी घेऊन त्याच्या दारीं जातो. घरची बाई बैलांच्या पायांवर पाणी घालते, त्यांना ओवाळते, पुरणपोळीचा घास देते. दिलेल्या टोल्यांचा हिशेब दारापर्यंत येत नाहीं. रात्रीं दीड वाजतां मोबाइलच्या उजेडांत मित्राची झडती रचणाऱ्या तरुणानें एवढें एकच पाहावें कीं, उद्यां सकाळीं त्याच मित्राच्या दारीं आपणांस जातां येईल ना. तें येत असेल तर ती झडती खुशाल मोठ्यानें म्हणावी. तिला उत्तर येईलच, आणि तें तिच्याहून सरस असावें, अशी इच्छाही बाळगावी.